शिशाचे तीन आकार

कोणत्याही वस्तूला एका वेळी एकच आकार असावयाचा, ही समजूत माणसाच्या मनात इतकी खोल रुजली आहे की तिला समजूत म्हणण्याचेही आपणास सुचत नाही. घागर ती घागर आणि परात ती परात. पितळ तेच असले तरी तांबटाने त्याची एकदा घागर घडविली की त्याचे परात होणे राहून गेले; परातच हवी असेल तर पुन्हा भट्टी पेटवावी, पुन्हा ठोकावे, पुन्हा घाम गाळावा. पदार्थविज्ञानाच्या ज्या कोपऱ्यात आमचे आयुष्य गेले, तेथे मात्र याहून निराळे पितळ भेटते. अणूच्या मध्यभागी जे केंद्रक असते, त्याच्या काही जड जाती अशा आहेत की गोल, चपटे आणि लांबट अशी तिन्ही रूपे त्यांना जवळजवळ सारख्याच खर्चात परवडतात. शास्त्रात यास आकारांचे सहअस्तित्व म्हणतात. नाव भारदस्त आहे; पण गोष्ट मुळात घरगुती जमाखर्चाची आहे असे आमचे मत आहे, आणि तो जमाखर्च आम्हांस एकदा ओसरीवर बसून मांडावा लागला.

ती ओसरी वडीगोद्रीची. आमचे हे गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. जून २०२४ मध्ये आरक्षणाच्या प्रश्नावर तेथे झालेल्या उपोषणामुळे पुष्कळ वाचकांनी त्याचे नाव प्रथम ऐकले असेल. एरवी तेथील बोलणे पाऊस, मोसंबी आणि कालव्याचे आवर्तन यांपलीकडे सहसा जात नाही. गेल्या उन्हाळ्यात ते गेले, त्यास कारण आमच्या धाकट्या चुलतभावाची मुलगी. ती एम.एस्सी. झाली, राष्ट्रीय परीक्षेत उत्तम रीतीने उतरली आणि संशोधनासाठी दरमहा ३७,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून घरी आली. त्याच सुमारास तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षिकेची जागाही तिला चालून आली होती. तिच्या वडिलांची बाग २०१२-१३ च्या दुष्काळात, जिल्ह्यातील इतर अनेक बागांप्रमाणे, उभी वाळली; नवी झाडे लावताना काढलेले कर्ज ते अजून फेडीत आहेत. तेव्हा त्यांनी प्रश्न विचारला तो कुतूहलाचा नव्हता.

"दादा, पाच वर्षं गणितच करायचं म्हणते ही," ते म्हणाले. "कशाचं, तर शिशाच्या आतल्या गोळ्याचा आकार कसा हाये त्याचं. तुम्ही त्यातलेच. सांगा, हे काम हाये का?"

काम आहे की नाही हे सांगावयाचे तर काम काय आहे हे आधी सांगणे प्राप्त होते. मुलगी आत चहा करीत होती, पण तिचे कान बाहेर होते.

केंद्रक म्हणजे प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचा अतिशय घट्ट गोळा. १९३० नंतरच्या दशकात विद्वानांनी त्याची कल्पना पाण्याच्या थेंबासारखी केली, आणि थेंब मोकळा सोडला की गोल होतो. पुढे १९४९ साली मारिआ गेपर्ट-मायर यांनी अमेरिकेत व हान्स येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत स्वतंत्रपणे दाखविले की आतले कण गर्दीत लोटलेल्या जत्रेकऱ्यांसारखे नसून पंगतीतल्या पानांसारखे ओळीने बसतात. एकेक ओळ, म्हणजे शास्त्राच्या भाषेत कवच, पुरे भरले की केंद्रकास विशेष स्थैर्य येते. कवचे भरण्याचे आकडे २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६ असे आहेत. शिशात प्रोटॉन ८२. त्याची पंगत पुरी. म्हणून शिसे गोल. पंगत अर्धी रिकामी असेल तर मात्र बसलेले कण गोळ्यास ताणू लागतात आणि तो लांबट किंवा चपटा होतो. ही दुसरी गोष्ट जेम्स रेनवॉटर, ऑगे बोर व बेन मॉटेलसन यांनी १९५० पासून पुढील दोन-तीन वर्षांत उभी केली. पहिल्या जोडीस १९६३ साली आणि या त्रयीस १९७५ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता केंद्रकांची दोन गावठाणे पडली होती: भरल्या कवचांची गोल वस्ती आणि अर्ध्या कवचांची ताणलेली वस्ती. मनुष्य अशा वाटणीवर फार खूष असतो. परंतु १९५६ साली हारुहिको मोरिनागा या जपानी शास्त्रज्ञाने ऑक्सिजनकडे बोट दाखविले. ऑक्सिजन-१६ मध्ये ८ प्रोटॉन व ८ न्यूट्रॉन, म्हणजे दोन्ही पंगती भरलेल्या, गोलाहून गोल. त्याच्या तळाच्या अवस्थेवर ६.०५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या उंचीवर जी पहिली अवस्था आहे, ती ताणलेली आहे असे मोरिनागा म्हणाले. म्हणजे दुसऱ्या वस्तीतला पाहुणा पहिल्या वस्तीतल्याच घराच्या माडीवर राहत होता.

ऑक्सिजनची माडी उंच आहे, शिशाची नाही. २००० साली जर्मनीतील डार्मश्टाट येथील प्रयोगशाळेत क्रोमियमची केंद्रके निओडिमियमवर आदळून पोलोनियम-१९० तयार करण्यात आले. ते अडीच सहस्रांश सेकंदात अल्फा-कण टाकते आणि त्याचे शिसे-१८६ होते. हे आपल्या छपाईच्या खिळ्यांतले शिसे नव्हे. त्यातील सर्वांत विपुल जाती २०८ ची. ही तिच्याहून २२ न्यूट्रॉनांनी दुबळी असून तिचे अर्धआयुष्य पाच सेकंदांचेही नाही. पण त्या अवधीत तिने जे दाखविले ते अपूर्व होते. तिच्या तळाच्या तीनही अवस्था भ्रमणशून्य आणि तीन निरनिराळ्या आकारांच्या: तळाची गोल, तिच्यावर ०.५३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर चपटी, आणि ०.६५ वर लांबट. मोसंबी, आवळा आणि बोर एकाच देठाला.

येथे आमच्या बंधूंनी जी शंका काढली ती आमच्या वर्गात कोणी काढीत नाही. "इतकं बारीक ते. कुणी पाह्यलं आकार त्याचा?"

पाहिला कोणीच नाही. आकार ओळखावयाचा तो फिरण्यावरून. गुळगुळीत गोटी फिरली तरी ती फिरली हे दाखविणारी खूण तिच्यावर नसते. केंद्रकांच्या जगात तर हा नियम इतका कडक आहे की गोल केंद्रक सगळेच्या सगळे मिळून फिरूच शकत नाही. लांबट मात्र फिरते, फिरताना ठरावीक पायऱ्यांनी शक्ती घेते, आणि मंदावताना त्या पायऱ्या गॅमा किरणांच्या रूपाने एकामागून एक सोडते. पायऱ्यांमधील अंतरांवरून लांबटपणाचा अंदाज बांधता येतो. मुंबईस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ च्या अखेरीपासून चालत आलेले पेलेट्रॉन नावाचे यंत्र आहे. तेथे केंद्रके एकमेकांवर आदळून असे किरण टिपतात. ते टिपणाऱ्या शोधकांचा जो मोठा संच आहे, तो मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील प्रयोगशाळांनी आळीपाळीने वापरला आहे. एकाच बिऱ्हाडाची भांडी तीन घरांत फिरावीत, तसा. काटकसरीचे हे शास्त्र आम्हांस फार आवडते.

"बरं, पण तिन्ही एकाच ठिकाणी का?" असा पुढचा प्रश्न आला. हाच खरा प्रश्न, आणि येथेच जमाखर्चाची वही उघडावी लागते.

शिशातील ८२ प्रोटॉनांची पंगत भरलेली आहे. तिच्यातून दोन प्रोटॉन उठवून वरच्या रिकाम्या पंगतीत बसवावयाचे, तर मोठा खर्च येतो. हे कर्ज. पण उठून गेलेले प्रोटॉन आणि त्यांच्यामागे पडलेल्या रिकाम्या जागा, दोघेही न्यूट्रॉनांशी संगनमत करून केंद्रकास ताणतात, आणि ताणण्यात शक्तीचा लाभ होतो. हे उत्पन्न. न्यूट्रॉनांची पंगत जितकी अर्धवट, तितके उत्पन्न अधिक. न्यूट्रॉनांच्या भरल्या पंगती ८२ आणि १२६. त्यांचा बरोबर मध्य १०४. आता शिसे-१८६ घ्या. १८६ मधून ८२ प्रोटॉन वजा केले की राहतात १०४. उत्पन्न जेथे कमाल, नेमके तेथेच हे केंद्रक उभे आहे, आणि म्हणून कर्ज जवळजवळ फिटते. स्थूलमानाने दोन प्रोटॉन उठविले की चपटे रूप आणि चार उठविले की लांबट, असा हिशेब मांडतात. उलट शिसे-२०८ मध्ये न्यूट्रॉन १२६, तीही पंगत भरलेली. तेथे उत्पन्न नाही, म्हणून कोणी कर्जही काढीत नाही.

बंधू बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे आपल्या बहरासारखंच. झाड तेच. पाण्याचा ताण दिला तसा आंबे बहर धरा, नाही तर मृग धरा."

"पण अण्णा, तिथं धरणारं कुणी नसतं," मुलगी चहा घेऊन बाहेर येत म्हणाली.

"नसू दे. ताण नीट नाही बसला, तर दोन्ही बहर अर्धेअर्धे येतात. तेव्हा खरी पंचाईत."

"तेच तर काढायचंय मला. किती किती मिसळतात ते!"

तीस वर्षांच्या अध्यापनात याहून नेमका दृष्टान्त आम्हांस सापडला नव्हता. केंद्रकाचे दोन आकार शेजारशेजारी राहतात ते भाडेकरूंसारखे नव्हे. त्यांची अवस्था जवळ आली की ती एकमेकींत मिसळते, आणि मोजली जाते ती ही मिश्र अवस्था. शिसे-१८६ मधील वरच्या दोन अवस्थांत अशी थोडीबहुत भेसळ असल्याचे मानतात. ती किती, हे मोजण्याइतकेच गणिताने काढण्याचे काम आहे.

गणित करण्याची एक रीत अशी. प्रत्येक कण बाकीच्या सर्वांनी मिळून निर्माण केलेल्या सरासरी क्षेत्रात फिरतो असे धरावयाचे; आणि ते क्षेत्रही त्या कणांच्याच फिरण्यातून बनते. जालन्याच्या मोंढ्यात प्रत्येक जण चालू भावाने माल विकतो, आणि भाव ठरतो तो सर्वांच्या विक्रीतूनच, तसे. भाव आणि विक्री एकमेकांस जुळेपर्यंत हिशेब पुनःपुन्हा करावयाचा. या पद्धतीच्या सापेक्षतावादी शाखेस आपल्या महाराष्ट्राचाही हात लागलेला आहे: पवईच्या आय.आय.टी.तील वाय. के. गंभीर यांनी म्युनिकच्या पीटर रिंग व थिमेट यांच्यासह १९९० साली लिहिलेला विस्तृत प्रबंध या विषयात पाय ठेवणाऱ्यांस अजून वाचावा लागतो. हिशेब जुळला की केंद्रकास मुद्दाम थोडे थोडे ताणून प्रत्येक आकाराची शक्ती काढावयाची आणि तिचा नकाशा रेखावयाचा. नकाशात दऱ्या दिसतात. प्रत्येक दरी एक आकार. दोन दऱ्यांमधील टेकडी जितकी ठेंगणी, तितकी भेसळ अधिक.

सांगावयास हे सुंदर आहे. अडचण आकड्यांत आहे. शिसे-१८६ मधील सर्व कणांस बांधून ठेवणारी एकूण शक्ती सुमारे १,४५० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट; आणि गोल व चपट्या रूपांतील फरक ०.५३. म्हणजे सुमारे पावणेतीन हजारांत एक. उत्तमातील उत्तम गणिते केंद्रकांची एकूण शक्ती काढताना सरासरीने याच मापाची चूक करतात. दोन दऱ्यांची वजाबाकी करताना ती चूक काही अंशी कटते हे खरे. पण ज्या तराजूवर आपण सोने तोलतो, त्याच्या काट्याचा थरकापच सोन्याच्या वजनाइतका आहे, ही गोष्ट विसरून चालत नाही. १९९० नंतरच्या दशकात सापेक्षतावादी पद्धतीच्या काही गणितांनी हलक्या शिशाचे मूळ रूपच लांबट ठरविले होते. प्रयोगांचा अभ्यास असणाऱ्या मंडळींनी १९९६ साली जाहीर आक्षेप घेतला, की मोजमापे तर ते गोल असल्याचे सांगतात. वाद झाला, असे वाद शास्त्रास पथ्यकर असतात.

बंधूंना आम्ही उपयोग सांगितला नाही. रोग बरा होतो, वीज निर्माण होते, अशी उत्तरे या विषयाबाबत देता येत नाहीत, आणि नातलगांस खोटी उत्तरे देणे विशेष वाईट. आम्ही एवढेच म्हणालो की काम आहे, कष्टाचे आहे, आणि फळ धरते की नाही हे पाचव्या वर्षी कळेल. "मोसंबीलाही तेवढीच लागतात," ते म्हणाले. शिक्षिकेच्या जागेवर पुढे दुसरे कोणी रुजू झाले.

दिवाळीच्या सुमारास तिचे पत्र आले. तिने गणित लावले होते, आणि तिच्या नकाशात शिसे-१८६ ची सर्वांत खोल दरी लांबट निघाली होती; गोल दरी तिच्याहून किंचित उथळ. पण, तिने लिहिले होते, कण जोडीजोडीने बांधणारे जे बळ तिने धरले आहे, ते केसभर वाढविले की गोल दरी खाली जाते आणि सर्व आकडे प्रयोगाशी छान जुळतात. जोडी घट्ट असली की केंद्रक गोलाकडे झुकते, ढिली असली की ताणण्याकडे. तेव्हा यात नवल काही नव्हते. तिचा प्रश्न निराळा होता. "काका, वाढवू का?"

हा प्रश्न लहान दिसतो. पण गणिताने चालणाऱ्या साऱ्या विज्ञानाची अब्रू त्यात गुंतलेली आहे असे आम्हांस वाटते. बळ वाढविण्यास कोणी मनाई केलेली नाही. ते बळ मुळातच कोठल्या तरी मोजमापावरून ठरविलेले असते. बळ वाढवून तिला एक चांगला लेख लिहिता आला असता, आणि तो छापलाही गेला असता. पण मग शिसे गोल का, याचे उत्तर 'आम्ही ते गोल होईल असे केले म्हणून' एवढेच उरले असते. उलट कर्ज-उत्पन्नाचा जो हिशेब तिच्या वडिलांनी ओसरीवर बसून समजून घेतला, तो एकही आकडा बरोबर सांगत नाही. पण तीन आकार १०४ पाशीच का जमतात आणि १२६ पाशी का नाही, हे सांगतो. आकडा जुळणे आणि कारण सापडणे या दोन गोष्टींत आमच्या मते जितके अंतर आहे, तितके मोसंबी आणि बोर यांतही नसेल. संगणक स्वस्त झाल्यापासून पहिली गोष्ट फार सोपी झाली आहे, एवढे म्हातारपणाचे कुरकुरणे वाचक सहन करतील अशी आशा आहे.

आम्ही तिला हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. पाऱ्याकडे पाहा, असे लिहिले.

पारा म्हणजे ८० प्रोटॉन. शिशाच्या दोन घरे अलीकडे. १९७२ साली जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत पाऱ्याच्या अल्पायुषी जातींच्या प्रकाशाचा अभ्यास झाला. केंद्रक फुगले की अणूच्या प्रकाशरेषा किंचित सरकतात, आणि त्यावरून त्याची त्रिज्या कळते. न्यूट्रॉन एकेक कमी करीत गेले असता पारा हळूहळू आकसत होता. पण पारा-१८५ पाशी त्याची त्रिज्या एकाएकी वाढली. पुढील मोजमापांत दिसले की १८५, १८३, १८१ या विषम जाती खूप ताणलेल्या, आणि त्यांच्या मधल्या १८४ व १८२ या सम जाती पहिल्यासारख्याच आकसलेल्या. एक न्यूट्रॉन काढला की लांबट, आणखी एक काढला की पुन्हा गोलाजवळ. हा हेलकावा पुढे कोठवर जातो हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले: १८१ च्या खाली तो थांबतो, आणि १८० पासून १७७ पर्यंतचा पारा शिशाच्या सरळ वाटेने चालतो. ज्या तीन जाती उड्या मारतात, त्यांचे न्यूट्रॉन १०५, १०३ व १०१. म्हणजे पुन्हा तोच १०४ चा शेजार.

शिसे गोल करण्यासाठी जोडीचे जे बळ वाढवावयाचे, त्याच बळाने पाऱ्याचा हा हेलकावाही आला पाहिजे. बळ वाढवून शिसे जुळले आणि पाऱ्याच्या विषम जाती गोल बसून राहिल्या, तर ते बळ शिशापुरते उसने आणलेले होते. दोन्ही एका दमात आले, तर तिच्या वाढविण्यास अर्थ होता. आणि न वाढविता दोन्ही आले, तर तिच्या मार्गदर्शकांनी पेढे वाटावे.

तिने ते गणित हाती घेतले आहे. सम जातींचे नकाशे झाले. वाढविलेल्या बळाने १८२ आणि १८४ आपल्या जागी नीट बसतात. विषम जाती अवघड, कारण एकटा उरलेला न्यूट्रॉन कोणाशी जोडी करीत नाही आणि त्याला प्रत्येक खोलीत निराळे बसवून पाहावे लागते. परवा तिने कळविले की १८५ चे गणित सुरू आहे, आणि अण्णा दर रविवारी फोनवर विचारतात, "पाऱ्याचं काय झालं?"